४९९ मध्ये अख्खी गाडी परवडते का?

मागच्या अंकात गाडीच्या रंगाची काळजी कशी घ्यायची यावर लिहिलं होतं, तर त्यावर रंगापेक्षा धंद्याचेच प्रश्न जास्त आले. कार डिटेलिंग, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ आणि चकचकीत करायचं काम, चौदा वर्षं करतोय, आधी दुसऱ्याच्या हाताखाली आणि मग स्वतःचं, त्यामुळे जे अनुभवलं तेच सांगतो. पहिलं पत्र मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठं झालंय.

प्रश्न: नमस्कार दादा, मी भांडुपला राहतो, वय २७. चार वर्षं एका सर्व्हिस सेंटरमध्ये वॉशिंग आणि रबिंगला (मशीनने रंग घासून चमकवायला) होतो, अजून तिथेच आहे. आता स्वतःचं कार डिटेलिंग चालू करायचंय. दीड लाख साठवलेत, बाबांची जुनी वॅगनआर आहे. गाळा घेऊ की सोसायट्यांमध्ये जाऊन काम करू? आणि रेट काय ठेवू? मावसभाऊ म्हणतो की सुरुवातीला ४९९ मध्ये आतून-बाहेरून सगळं करून दे, गिऱ्हाईक लागलं की वाढव. आई म्हणते नोकरी सोडू नको. काहीच सुचत नाहीये.

उत्तर: मित्रा, आधी त्या ४९९ चं बोलू, कारण तिथेच पोरं अडकतात. हात चांगला, मेहनतीला कमी नाही आणि तरी वर्षभरात मशीन विकून परत नोकरीला लागलेली चार-पाच पोरं मी जवळून बघितलीत, त्यातल्या एकालाही काम येत नव्हतं असं नाही, हिशोब कुणी केलाच नव्हता.

या धंद्यात तुझ्याकडे विकायला एकच माल आहे, तुझे तास. शॅम्पू, पॉलिश, कपडे सगळ्यांना बाजारात मिळतात. म्हणून शेजारचा काय घेतो ते नंतर बघ, आधी तुझा एक तास तुला कितीला पडतो ते काढ. वही घे आणि लिही. पेट्रोल महिन्याला ६,०००. गाडीचा मेंटेनन्स ३,०००. फोन आणि थोडीफार जाहिरात २,०००. इन्शुरन्सचे हप्ते १,५००. कपडे धुणं-सुकवणं १,०००. मशीन आणि सामान ९० हजारांचं घेतलंस आणि ते तीन वर्षं चाललं असं धरलं तर महिन्याला २,५०० त्याचे, कारण तीन वर्षांनी परत घ्यावंच लागणार आहे. झाले १६,०००. आता घरी किती द्यायचेत? समजा ३०,०००. म्हणजे ४६,००० निघालेच पाहिजेत, हे झाले तर तू बरोबरीत आहेस, अजून फायद्याचं नाव नाही.

आता तास. सगळ्यात जास्त चूक इथे होते. पोरं म्हणतात दिवसाला दहा तास काम करू. अरे, मुंबईत दहा तास घराबाहेर राहशील पण प्रत्यक्ष हात गाडीवर किती वेळ असेल? भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला संध्याकाळी जाऊन बघ, मग गेटवर एन्ट्री, वॉचमन मालकाला फोन लावणार, मालक फोन उचलणार नाही, पार्किंगमध्ये शेजारची गाडी हलवायची, सामान उतरवायचं, लाइटचा पॉइंट शोधायचा. माझा अनुभव सांगतो, एकटा माणूस असेल तर पाच तास खरे मिळतात. महिन्याचे २२ दिवस धरले तर ११० तास. ४६,००० भागिले ११०, तासाला साधारण ४२० रुपये. हा तुझा आकडा, आणि तो पाठ असला पाहिजे.

साधी हॅचबॅक, आतून-बाहेरून नीट करायची, सीट शॅम्पू, डॅशबोर्ड, दारांच्या फटी, चाकं, काच, वरून वॅक्स, तर एकट्याला साडेचार तास लागतात. साडेचार गुणिले ४२० म्हणजे १,८९०. सामान २५० चं. झाले २,१४०. त्यावर १५ टक्के, कारण एखादी गाडी जास्त वेळ खाते, एखादं गिऱ्हाईक ऐनवेळी कॅन्सल करतं. म्हणजे अडीच हजाराच्या आसपास. आता मावसभावाला विचार, ४९९ मधून सामानाचे २५० गेले, उरले २४९, साडेचार तासांत वाटले तर तासाला ५५ रुपये, यातून पेट्रोल तरी निघतं का? आणि "नंतर वाढवू" हे होत नाही रे. ४९९ ला आलेलं गिऱ्हाईक ४९९ चंच असतं, त्याच्या मनात तुझी किंमत तीच बसते, आणि ते ज्या मित्राला तुझा नंबर देतं त्यालाही हाच आकडा सांगतं. सुरुवातीला सूट द्यायचीच असेल तर बिलावर पूर्ण रेट लिही आणि खाली "ओळखीची सूट" म्हणून वेगळी दाखव, म्हणजे खरी किंमत त्याच्या डोळ्यासमोर राहते.

गाडी बघितल्याशिवाय फोनवर रेट सांगू नकोस. साइजपेक्षा गाडीची अवस्था बघायची असते. एकट्या म्हाताऱ्या काकांची मोठी इनोव्हा पटकन होते, आणि गणपतीला कोकणात जाऊन आलेली अल्टो, जिच्या मागच्या सीटवर घाटात पोराला उलटी झालीय आणि मॅटखाली वाळू आणि लाडवाचा चुरा आहे, ती पूर्ण दिवस खाते. कुत्र्याचे केस हा वेगळाच प्रकार, ते व्हॅक्यूमने निघत नाहीत, रबरी ग्लोव्ह घालून एकाच दिशेला ओढत काढावे लागतात. फोटो मागव, आतले सुद्धा, आणि सांग की "इतके ते इतके होतील, गाडी बघून फायनल करतो". रेंज दिली की भांडण होत नाही.

नोकरीचं म्हणशील तर आई बरोबर बोलतेय. तीन महिने नोकरी ठेव आणि सुट्टीच्या दिवशी कर. नातेवाइकांच्या, मित्रांच्या दहा गाड्या कर, पण मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावून. चार चाकांना किती मिनिटं, एका सीटला किती, रूफला किती, सगळं वहीत. ही वही म्हणजे तुझं रेट कार्ड, दुसऱ्या कुणाचं रेट कार्ड कॉपी करून तुझे तास बदलत नाहीत.

गाळा पहिल्या वर्षी घेऊ नकोस. डिपॉझिटमध्येच तुझे दीड लाख संपतील आणि भाडं पावसात पण द्यावं लागतं. भांडुप, कांजूर, मुलुंड, फार तर पवई, एवढाच पट्टा धर. बोरिवलीचं काम आलं तरी नाही म्हणायला शीक, जाण्यायेण्यात जे तीन तास जातात ते तुझ्याच खिशातून जातात.

सोसायटीत काम करायचं तर आधी सेक्रेटरींना भेट, लेखी परवानगी घे. दोन गोष्टींवर अडतं, पाणी आणि लाइट. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी ओढतो, पंधरा मिनिटांत शंभर लिटर, आणि मे महिन्यात तलावांची पातळी खाली गेली, पाणीकपात लागली की कमिटी पहिलं गाडी धुणं बंद करते, आणि ते बरोबरच आहे, पिण्याचं पाणी आहे ते. म्हणून रिन्सलेस वॉश शीक. बादलीत दहा लिटर पाणी, त्यात मापाने ते लिक्विड, आधी फवारा मारून धूळ मऊ करायची, मग जाड मायक्रोफायबरचा कपडा भिजवून एका दिशेने पुसायचं, प्रत्येक पॅनलला कपड्याची नवीन घडी. चिखलाने माखलेल्या गाडीला हे चालत नाही, तिला पाणी लागतंच, ती पंपावर नाहीतर वॉशिंग सेंटरला धुवून आणायला सांगायची. बोअरचं पाणी असेल तर उन्हात कधीच धुवू नकोस, क्षाराचे पांढरे गोल डाग पडतात आणि काळ्या गाडीवर ते काढता काढता नाकी नऊ येतात. लाइट कॉमन मीटरवरून घेणार असशील तर महिन्याला ठरावीक रक्कम देतो म्हणून स्वतःहून सांग, त्याने शब्द राहतो.

आता पॉलिशिंग, यावर जरा थांबून बोलतो कारण तू रबिंग केलंयस आणि मला तीच भीती वाटते. सर्व्हिस सेंटरला रोटरी मशीन (नुसतं गोल फिरणारं), जाड कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट, वीस मिनिटांत गाडी चकाचक, आणि आठवड्याने उन्हात उभी केली की होलोग्राम, म्हणजे मशीनच्या गोल गोल खुणा दिसतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० च्या घरात. माणसाचा केस सुद्धा साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाहून पातळ थरावर आपण मशीन चालवतो. तो थर एकदा गेला की परत येत नाही, रीपेंटच करावा लागतो. म्हणून डीए पॉलिशर घे, जो फिरतो आणि हलतो पण, रोटरीसारखा एका जागी जाळत नाही, आणि पाच हजारापर्यंतचा का होईना पेंट गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र, घे. प्रत्येक पॅनलवर चार जागी मोजायचं. एका दारावर ३०० दाखवलं तर ते दार आधी रंगवलेलं आहे, मालकाला काम सुरू करायच्या आधी सांगायचं.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. स्वतःचं चालू केल्यावर तिसऱ्याच महिन्यात एका काळ्या सेडानच्या बॉनेटवर रोटरी चालवत होतो, कडेला जिथे पत्रा वळतो तिथे पॅड जरा तिरका झाला, तीन-चार सेकंदच, आणि पांढऱ्या फोमवर काळा पट्टा उमटला. क्लिअर कोट असलेल्या गाडीत पॅडवर गाडीचा रंग येणं म्हणजे वरचा थर संपला. मी मशीन बंद करून ते पॅड हातात धरून किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. मालकाला त्याच क्षणी फोन केला, बॉनेट रंगवून दिलं, साडेसहा हजार गेले, तेव्हा ते माझे चार दिवसांचे होते. ते गृहस्थ आजही माझ्याकडे येतात. तेव्हापासून कडांना आधी मास्किंग टेप लावल्याशिवाय मशीन हातात घेत नाही.

तू एक कर. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारात बॉनेट मिळतात, काळं किंवा गडद निळं एखादं घे, घासाघीस करून. घरी गच्चीवर ठेव, टेपने दोन फूट बाय दोन फूट चौकोन आख, आणि त्यातच सराव कर. हातात टॉर्च धरून तिरका प्रकाश टाक, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतील, ते मशीनच्या किती फेऱ्यांत जातात बघ, मधून मधून तळहात ठेव, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मग एका कोपऱ्यात मुद्दाम मशीन दाबून क्लिअर कोट जाळ, किती पटकन जातो ते एकदा डोळ्याने बघितलंस की गिऱ्हाइकाच्या गाडीवर हात आपोआप हलका पडेल.

सामानात कंजूषी कपड्यांवर करू नकोस. चाळीसएक मायक्रोफायबर हवेत, रंगाप्रमाणे वेगळे, चाकांचा कपडा बॉडीला कधीच लागता कामा नये, आणि खाली पडलेला कपडा उचलून झटकून परत वापरायचा नाही, तो थेट पिशवीत. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नकोस, धागे बंद होतात.

पावसाळ्याची तयारी आत्ताच कर. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तुझे ११० तासांचे ७० होतील, आणि ४६,००० काही कमी होत नाहीत. पण त्याच दिवसात गाड्यांना आतून कुबट वास मारतो, सीटबेल्टवर बुरशी येते, कार्पेटखाली ओल राहते. ते काम बेसमेंट पार्किंगमध्ये करता येतं. सीट बाहेर काढायची पाळी आली तर खालची पिवळी कनेक्शन एअरबॅगची असतात, ज्ञान नसेल तर हात लावू नकोस, तिथे पाणीही मारू नकोस. आणि कार्पेट ओलं ठेवून गाडी बंद करून देऊ नकोस, दोन दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त वास येतो आणि नाव तुझं जातं.

प्रश्न: दादा, मी आणि माझे मिस्टर कांदिवलीला वर्षभर डिटेलिंग करतोय, फोन, बुकिंग, हिशोब मी बघते. आता सगळे सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पारदर्शक संरक्षक थर) विचारतात. आम्ही १२,००० सांगितले की म्हणतात दुसरीकडे ८,००० मध्ये करतात, "लाइफटाइम" गॅरंटीसकट. आम्ही कमी करावं का?

उत्तर: ताई, कमी करू नका, पण १२,००० कुठून आले हे तुम्हाला गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. वर पहिल्या उत्तरात तासाचा हिशोब दिलाय तोच लावा. धुणं, आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढायचं लिक्विड), क्ले (चिकटलेली घाण ओढून काढायची माती), मग पॉलिश, मग कोटिंग, सरळ १४ तास. ४२० ने ५,८८०. बाटली ३,५०० ची धरा, पॅड आणि कंपाउंड १,०००. झाले १०,३८०, वर १५ टक्के घेतले की १२,००० च्या आसपास येता. ज्याला ८,००० परवडतात त्याचे तास कमी आहेत, आणि कमी होणारे तास बहुतेक पॉलिशचेच असतात. पॉलिश न करता कोटिंग केलं तर ओरखडे कोटिंगच्या खाली तसेच राहतात, मग कोटिंग काढण्यासाठी परत घासावं लागतं. गिऱ्हाइकाला त्याच्याच बॉनेटवर टेप लावून एक फूटभर पट्टा पॉलिश करून दाखवा, टेप काढली की अर्ध्या पॅनलचा फरक तो स्वतः बघेल, तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

लाइफटाइम शब्द वापरू नका. ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलच्या कडकपणाच्या टेस्टमधलं आहे, त्याचा अर्थ ओरखडा पडणार नाही असा होत नाही. कोटिंगने पाणी टिकत नाही, धूळ कमी चिकटते, कबुतराची घाण पटकन पुसली तर डाग धरत नाही, एवढं खरं सांगा. हायवेवर उडणाऱ्या खड्यांसाठी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, असतं, ते वेगळं काम आणि वेगळे पैसे.

आणि उघड्या पार्किंगमध्ये कोटिंगचं काम घेऊच नका, विशेषतः जुलैत. हवेत दमटपणा इतका असतो की कोटिंग कधी पुसायचं याचा अंदाज चुकतो आणि ढगाळ डाग राहतात. पहिला दिवसभर पाण्याचा थेंब नको, आठवडाभर शॅम्पू नको. बंद जागा नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला दिवसाचं भाडं द्या आणि ते बिलात धरा.

शिवाय रोज बादलीतल्या त्याच फडक्याने सोसायटीतल्या वीस गाड्या पुसणाऱ्या दादांना मालकाने काय सांगायचं, हेही डिलिव्हरीच्या वेळी लिहून द्या. नवीन कोटिंगवर ते मळकं फडकं फिरलं की महिन्यात परत ओरखड्यांची जाळी. आमच्याकडे आम्ही त्या दादांनाच दोन मायक्रोफायबर देऊन ठेवतो, दोनशे रुपयांत आपलं काम टिकतं आणि त्यांनाही बरं वाटतं.

प्रश्न: गिऱ्हाईक म्हणतं हा स्क्रॅच तुम्हीच पाडला, तर काय करायचं? — वाचक, विलेपार्ले

उत्तर: काम सुरू करायच्या आधी मालकाला बरोबर घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारा, मोबाइलवर सलग व्हिडिओ, प्रत्येक ओरखडा बोटाने दाखवत आणि तोंडाने बोलत, "डावं मागचं दार, हँडलखाली". किलोमीटर रीडिंग आणि डॅशबोर्डवरचे वॉर्निंग लाइट पण त्यात घ्या. तो व्हिडिओ तिथेच त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. पाकीट, फास्टॅगचे पेपर, चिल्लर, देवाची मूर्ती सगळं एका पिशवीत घालून त्यांच्याच हातात द्या. एवढं करून खरंच आपल्या हातून झालं असेल तर लपवू नका, लगेच सांगा. आणि इन्शुरन्स एजंटला स्पष्ट विचारा की गिऱ्हाइकाची गाडी माझ्या ताब्यात असताना नुकसान झालं तर ते पॉलिसीत येतं का, कारण साध्या लायबिलिटी पॉलिसीत ते बऱ्याचदा येत नाही.

प्रश्न: कागदपत्रं काय लागतात? जीएसटी लगेच घ्यावा का? — वाचक, घाटकोपर

उत्तर: सर्व्हिसमध्ये वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, घेतल्यावर मात्र बिलावर १८ टक्के लावावे लागतात, म्हणून घरगुती गिऱ्हाईकच असेल तर घाई करू नका, कंपन्यांची किंवा शोरूमची कामं येणार असतील तर विचार करा. गुमास्ता म्हणतो ते, म्हणजे दुकान-आस्थापनेची नोंद, आता वीसपेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन सूचना देऊन होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, यासाठी कुणी दोन-तीन हजार मागत असेल तर देऊ नका. प्रोफेशन टॅक्स वर्षाला २,५००. मुद्रा कर्जात शिशू ५० हजारांपर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत, पण मशीनसाठीच घ्या, गाळ्याच्या डिपॉझिटसाठी नको. बँकेत जाताना वर सांगितलेली तासांची वही बरोबर न्या, माझ्या वेळी मॅनेजर साहेबांनी प्रोजेक्ट रिपोर्ट बाजूला ठेवून तीच वही पंधरा मिनिटं चाळली होती.